ऊनसरांचा भात

एस.टी.ची वाट पाहताना सावली सोडून उन्हात जाऊन उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या गावच्या थांब्यावर लिंबाचं मोठं झाड होतं. त्याच्याखाली माणसं, ट्रंका, पाय बांधलेल्या कोंबड्या अशी सगळी दाटी असायची आणि हे गृहस्थ चार पावलं पुढे, भर उन्हात, डोक्याला काही न बांधता उभे. कुणी हाक मारली, "सर, सावलीला या की," तर म्हणायचे, "सावली ऱ्हाऊ द्या तुम्हाला. ऊन कुणीच घेईना, म्हणून मी घ्यायलोय." त्यांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं, पण शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे त्यांना ऊनसर म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्यांच्याविषयी हसत हसत लिहिता येईल असं पुष्कळ आहे. एक गोष्ट मात्र तशी नाही. ती मी तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. तीही इथे लिहिणार आहे, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही.

आमचं गाव उदगीर आणि जळकोटच्या मधलं. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगही वाळला नव्हता, आणि पावसाने दोन वर्षं पाठ फिरवली होती. ऊनसर नांदेड जिल्ह्यातले, देगलूरकडचे. आमच्या हायस्कूलमधले एक शिक्षक दीर्घ रजेवर गेले, त्यांच्या जागी ते विज्ञान आणि कार्यानुभव शिकवायला आले. नेमणूक तात्पुरती. दर उन्हाळ्यात संस्थेच्या मंडळाने मुदत वाढवली तर जूनमध्ये सर दिसणार, नाही तर नाही. मला हे ठाऊक होतं, कारण माझे वडील, आमचे अप्पा, त्या मंडळावर होते. गावात आमचं कापडाचं दुकान होतं आणि अप्पांच्या शब्दाला वजन होतं. घरात तर फारच होतं.

त्या दिवसांत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न पावसाचा. ऊनसर मात्र विचारायचे, "आज ऊन कसं हाय?" लोक वैतागायचे. एकदा आमच्या दुकानात अप्पाच म्हणाले, "गुरुजी, ह्या उन्हानं जीव खाल्ला आमचा, अन् तुम्ही त्याची खुशाली विचारायलात?" सर कापड चाचपत शांतपणे म्हणाले, "पाऊस काही आपल्या हातात न्हाई, अप्पा. ऊन तर रोज फुकट दाराशी येऊन बसायलंय. त्याला काम सांगा." अप्पांनी गज उचलून कापड मोजायला घेतलं. अप्पांना उत्तर सुचलं नाही असा तेवढा एकच प्रसंग मला आठवतो.

शनिवारी शाळा सकाळची असे. ती सुटली की नववीच्या वर्गाची उन्हाची कार्यशाळा सुरू व्हायची. पहिले तीन महिने आम्ही सूर्यचुली बनवल्या. सर त्यांना नुसतं पेटी म्हणत. किराणा दुकानातून चहाची रिकामी खोकी आणायची, आत पत्र्याचं दुसरं खोकं बसवायचं, मधल्या फटीत लाकडाच्या अड्ड्यावरचा भुसा ठासायचा. आतला पत्रा कंदिलाची काजळी जवसाच्या तेलात खलून काळा करायचा. वर फोटोच्या फ्रेमच्या दोन काचा आणि झाकणाला न्हाव्याकडचा तडा गेलेला आरसा. पेटी तयार झाली की सर तिच्यात पेटती उदबत्ती ठेवून काच लावायचे आणि गुडघ्यावर बसून चारी बाजूंनी पाहायचे. "धूर कुठून निघायलाय बघा. जिथून धूर निघतो तिथूनच ऊन पळून जातंय." मग ती फट बुजवायची, पुन्हा उदबत्ती. माझी पेटी पाच वेळा नापास झाली. सहाव्या वेळी सर म्हणाले, "आता ऊन आत गेलं की जन्मठेप."

पेट्या झाल्यावर सरांनी छत्रीचं काढलं. जुन्या छत्रीला आतून चांदीसारखा कागद चिकटवायचा, ती उन्हात उलटी धरायची आणि मध्यावर पाण्याचं भांडं टांगायचं. चांदीचा कागद गावात मिळायचा तो फक्त सिगारेटच्या पाकिटांत. आम्ही वीस पोरं पानटपऱ्यांभोवती घिरट्या घालू लागलो. खिसे पाकिटांनी फुगले. आठवड्याभरात हेडमास्तरांकडे तीन पालक आले, त्यांत माझे अप्पा पहिले. घरात मला उलटं टांगायची तयारी झाली होती. हेडमास्तरांनी अप्पांसमोरच सरांना बोलावून घेतलं. "अहो, अख्खी नववी सिगारेट ओढायला लागली, अन् तुमचं लक्ष कुठाय?" सरांनी छत्री आणली, मैदानात उलटी धरली आणि पाऊण तासात अप्पांना चहा करून दिला. अप्पा चहा पिऊन उठले. जाताना एवढंच म्हणाले, "साखर कमी हाय."

घरची माणसं मात्र इतक्या सहज ऐकणारी नव्हती. मी पेटी घरच्या गच्चीवर नेली आणि आईला, आम्ही तिला अव्वा म्हणतो, मोठ्या ऐटीत डाळ शिजवून दाखवायला निघालो. तीन तासांनी वर गेलो तर पेटीवर जाड सोलापुरी चादर. अव्वा म्हणाली, "अन्न असं उघड्यावर ठिवतेत का? येणाऱ्या-जाणाऱ्याची दृष्ट लागंल." चादर काढली की ती पुन्हा घालायची. शनिवारी मी तक्रार केली तेव्हा वर्ग हसला, पण सर हसले नाहीत. संध्याकाळी ते घरी आले, बाहेरच्या कट्ट्यावर बसले, अव्वाचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग उरलेल्या काजळीत बोट बुडवून त्यांनी पेटीच्या कडेला मोठी काळी तीट लावली. "घ्या, अक्का. दृष्टीची सोय झाली. आता तेवढी चादर काढा." अव्वाने चादर काढली. पुढे गावातल्या सगळ्या पेट्यांना तीट लागली, आणि जिला तीट नाही ती पेटी कुणी गच्चीवर ठेवू देईना.

खाऱ्या विहिरीचं पाणी उन्हावर गोडं करायचा प्रयोगही त्याच वर्षीचा. एका उथळ हौदावर तिरकी काच ठेवली होती. दिवसभरात काचेवरून थेंब थेंब ओघळून जेमतेम तांब्याभर पाणी जमायचं. ते सहा दिवस साठवून, मोजून, वहीत लिहून ठेवायचं होतं. पाचव्या दिवशी हेडमास्तर आले, "काय रे, पाणी कुठलं हे?" म्हणत कळशी उचलून भांड्यावर भांडं पीत राहिले. आम्ही रडवेले झालो. सरांनी वही मागितली आणि निकालाच्या रकान्यात लिहिलं, 'पाणी पिण्यास उत्तम. हेडमास्तर सुखरूप.'

सरांचा एकच नियम फार कडक होता. पेटी उन्हाला लावली की मधे झाकण उघडायचं नाही. आम्हाला सारखं बघावंसं वाटायचं, शिजलं का, किती शिजलं. सर म्हणायचे, "उघडलं की कोंडलेली सगळी धग बाहेर. मग परत पहिल्यापासून. नुसतं तोंड फिरवत ऱ्हा तिचं, सूर्य जिकडं तिकडं. आत काय चाललंय ते तिला कळतंय, तुला नको." पेटीचं तोंड दर अर्ध्या तासाला फिरवायच्या पाळ्या असत. कुणाची पाळी कधी, हे सरांच्या खिशातल्या छोट्या वहीत लिहिलेलं असे.

मग मार्चमध्ये कळलं की नव्या जिल्ह्याचे एक मोठे साहेब शाळा पाहायला येणार आहेत. त्यांना सूर्यचुलीवरचा भात खाऊ घालायचा. तो पसंत पडला तर तालुक्यातल्या सगळ्या हायस्कुलांत अशी कार्यशाळा काढायचा साहेबांचा विचार होता, आणि ती चालवायला ऊनसरांनाच कायम घेणार, असं हेडमास्तर उघड बोलत होते. त्या आठवड्यात सरांनी स्वतःच्या हाताने सगळ्या पेट्यांच्या काचा तीनदा पुसल्या.

साहेबांच्या दिवशी सकाळी मैदानात भला मोठा मांडव उभा राहिला, आणि हेडमास्तरांनी मानाची वस्तू म्हणून पेट्या मांडवात मधोमध, पांढरी चादर घातलेल्या टेबलावर, झेंडूच्या माळा घालून ठेवल्या. सर आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. "हेडमास्तरसाहेब, मांडवात ऊन कुठून आणू?" हेडमास्तर म्हणाले, "अहो, पाहुण्यांसमोर वस्तू उन्हात ठेवायच्या म्हणजे कसं दिसतं!" पाच मिनिटं वाद झाला. शेवटी पेट्या मांडवाच्या बाहेर दोन पावलांवर गेल्या. माळा तेवढ्या राहिल्या.

दहा वाजता काळ्या डब्यांत तांदूळ घालून ते पेट्यांत ठेवले. साहेबांसाठी निवडलेली पेटी माझी होती. बारा ते एक तिच्याजवळ थांबायची पाळीही माझीच होती. बाकीची मुलं वर्गात स्वागतगीताला गेली. जाताना सर म्हणाले, "मांडवाची सावली इकडं सरकंल. ती आली की पेटी दोन पावलं पुढं घे. बाकी काही करू नको."

सव्वाबाराला साहेबांची जीप आली. साहेब आत गेले, आणि जीप पाहायला फाटकाशी गेलेल्या मला ड्रायव्हरने विचारलं, "बसायचं का रे?" मी तोवर जीपमध्ये कधी बसलो नव्हतो. त्याने मला स्टिअरिंग धरू दिलं, हॉर्न दाखवला, जिल्ह्याच्या रस्त्यांच्या गोष्टी सांगितल्या. मी परत आलो तेव्हा एक वाजायला आला होता आणि मांडवाची सावली माझ्या पेटीवर पुरती बसली होती. आरशात आकाशाऐवजी मांडवाचं कापड दिसत होतं.

भात कच्चा राहिला, सरांचं सगळं गेलं, एवढंच डोक्यात. मैदानाच्या मागे शिपायाची बायको चुलीवर साहेबांच्या पंगतीचा स्वयंपाक करत होती. कार्यशाळेतला एक जादा काळा डबा घेऊन मी तिच्याकडे पळालो. "मावशी, सरांनी भात मागितलाय." तिने काही न विचारता डबा भरून दिला. मी पेटीतला डबा काढला, तो पाण्याच्या टाकीमागे सरकवला, आणि चुलीवरचा डबा पेटीत ठेवून काच लावली. पेटी उन्हात ओढली. हे सगळं पाच मिनिटांत झालं.

साहेब आले. सर्वांसमोर पेटी उघडली, वाफ निघाली. साहेबांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "वा! फारच छान." टाळ्या पडल्या. हेडमास्तरांचा चेहरा फुलला. साहेबांनी आग्रह केला म्हणून सरांनीही एक घास तोंडात टाकला, आणि ते चावायचे थांबले. त्यांनी आम्हा मुलांच्या रांगेकडे पाहिलं. मी माझ्या पायांकडे पाहत होतो.

"साहेब," सर म्हणाले, "हा भात उन्हावरचा न्हाई. ह्याला धुराचा वास हाय."

साहेबांनी हातातला चमचा खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे आजचा प्रयोग फसला. चूक माझ्या वर्गाची, म्हणून माझी. परत एखाद्या दिवशी या, खरा भात खाऊ घालतो."

साहेब कसंनुसं हसले, घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासात जीप गेली. हेडमास्तर सरांवर व्हरांड्यातच तुटून पडले. "अहो, साहेबाला पसंत पडला होता! तुम्हाला वास घ्यायला कुणी सांगितलं होतं?" सर म्हणाले, "नाक काय सांगून वास घेतंय व्हय?"

पुढच्या आठवड्यात हेडमास्तर नववीच्या वर्गात आले. माणूस वाईट नव्हता. शिपायाच्या बायकोकडून त्यांना 'काळा डबा घेऊन आलेलं कुठलंसं पोरगं' एवढंच कळलं होतं. म्हणाले, "ज्यानं डबा बदलला त्यानं उठून सांगावं. मी मंडळाला लिहीन की सरांचा दोष नाही, त्यांची मुदत वाढवा." त्यांनी सरांकडे पाळ्यांची वहीही मागितली होती. ती सापडत नाही असं सरांनी कळवलं होतं. मी बाकावर बसून राहिलो. उठलो असतो तर गोष्ट मंडळात जाणार होती, म्हणजे अप्पांसमोर जाणार होती. हेडमास्तर दारात दोन मिनिटं थांबले. मग गेले.

मुदत वाढली नाही. एप्रिलच्या शेवटी सर गेले. सगळा वर्ग त्यांना सोडायला थांब्यावर गेला होता. मी पोट दुखतं म्हणून घरी पडून राहिलो, आणि अव्वाने मला ओवा दिला. तो मी मुकाट्याने चावला.

नंतर त्यांच्या बातम्या कुणाकुणाकडून कळत. देवणीकडच्या एका शाळेत आहेत. मग दुसऱ्या शाळेत, तात्पुरतेच. भूकंपानंतर किल्लारीकडे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायच्या, तिथे ते मुलांबरोबर दुपारी पत्र्यावर पाणी तापवून म्हाताऱ्या माणसांच्या अंघोळीला द्यायचे म्हणे. प्रत्येक बातमी ऐकून मला बरं वाटायचं आणि लगेच लाजही वाटायची. मी शिकलो, लातुरात दुकान काढलं. कशाचं, तर उन्हावर पाणी तापवायच्या बंबांचं आणि सौरदिव्यांचं. गिऱ्हाइकाला मी उन्हाबद्दल जे जे सांगत असे, ते सगळं सरांचं होतं. कुणी विचारलं, "हे कुठं शिकलात?" तर मी विषय बदलायचो.

एका दुपारी दुकानाच्या पायरीखाली, भर उन्हात, एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे राहून नोकराला विचारत होते, "फुटकी काच हाय का? पोरांच्या पेट्यांना पायजे." आवाजावरूनच मी उठलो. त्यांना आत बसवलं, चहा मागवला. ते दुकानभर पाहत राहिले. "लई ऊन साठवलंस की रे," म्हणाले. मला पुढे थांबवेना. चहा येण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं. जीप, सावली, मावशी, डबा.

सरांनी सगळं ऐकलं. "पाळी तुझीच होती, ठाऊक होतं मला." मग चहा बशीत ओतत म्हणाले, "पण मला सांगून काय उपेग? मी काय त्यातून नवीन शिकणार? शनिवारी जळकोटच्या शाळेत ये. नववीला सांग."

मी गेलो. चाळीस मुलंमुली समोर, सर मागच्या बाकावर. मी एवढ्या वयाचा माणूस, दोन मुलांचा बाप, खडूच्या धुळीने भरलेल्या टेबलाला धरून उभा होतो. सगळं सांगून झाल्यावर दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"काका, तुम्ही डबा उघडून बघितला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग भात कच्चा हाय हे कसं कळलं तुम्हाला?"

मुलं हसली. तीस वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. दहा वाजता घातलेले तांदूळ, मार्चचं ऊन, सव्वाबारापर्यंत पेटी नीट उन्हात होती. मी मागच्या बाकाकडे पाहिलं.

"शिजला होता," सर म्हणाले.

"काय?"

"शिजला होता रे. जीप गेल्यावर टाकीमागं घावला डबा. मोकळा, शीतन् शीत सुटं. उभ्या उभ्या खाल्ला सगळा. लई भूक लागली होती त्या दिवशी."

"मग सर, तेव्हाच दाखवला का नाही?"

"दाखवला असता तर टाकीमागं कुणी ठेवला हे पहिलं इचारलं असतं. मग वही काढावी लागली असती. वहीत तुझं नाव, अन् मंडळात तुझा अप्पा. सोलून काढला असता तुला."

"तुमची नोकरी गेली, सर."

"गेली की. अन् मग बारा शाळा घावल्या. एकाच शाळेत बसलो असतो तर एवढी पोरं कुठून मिळाली असती?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "रडायचं आसंल तर भाईर उन्हात जाऊन रड. लवकर वाळतंय."

वर्ग खो खो हसला. मी खरंच बाहेर गेलो.

त्यानंतर दोन वर्षं, दर शनिवारी दुकान बंद ठेवून, मी सरांबरोबर शाळाशाळांतून जात होतो. मुलांना पेट्या शिकवायच्या आणि आधी ही गोष्ट सांगायची, असा त्यांचा हुकूम होता. गावोगावी अनोळखी मुलांसमोर मी हळूच सवलत घ्यायचो, "एका मुलाने डबा बदलला" असं म्हणायचो. की लगेच मागच्या बाकावरून आवाज यायचा, "नाव सांग त्या पोराचं." मग मी सांगायचो.

सर जाऊन आता तीन उन्हाळे झाले. शनिवार चालू आहेत. मागच्या बाकावर आता एखादा उंच मुलगा पाय पसरून बसलेला असतो, त्याला माझ्याशी काही देणंघेणं नसतं. गोष्ट त्या जागी आली की मी क्षणभर थांबतो, कुणी काही बोलत नाही, आणि मी माझं नाव सांगतो.